सर्व्हर स्वतःहून रीस्टार्ट होतोय? मेमरीची कोणती मर्यादा तुटली ते असं शोधा

जून महिन्यातला सोमवार, सकाळचे सव्वाअकरा. एका शिक्षणसंस्थेचं प्रवेशअर्जांचं संकेतस्थळ मी सांभाळत होतो. फोन आला, "साईट गेली." मी लॉगिन करेपर्यंत साईट परत आली होती. अपटाइम पाहिला तर मशीन चार मिनिटांपूर्वी चालू झालेलं. रीस्टार्ट कुणीच केलं नव्हतं. बाराच्या सुमारास पुन्हा तेच, दुपारी पुन्हा तेच. तिकडे पालक रांगेत उभे, आणि इकडे मी लॉग चाळतोय तर त्या क्षणाबद्दल एक ओळसुद्धा नाही.

ज्याला विचारलं त्याने सांगितलं, "रॅम वाढव." मशीन २ जीबीचं होतं, त्यामुळे सल्ला पटण्यासारखाच होता. पण तो ऐकला असता तर खरी चूक पुढच्या गर्दीपर्यंत लपून राहिली असती. नव्याने सर्व्हर सांभाळायला घेतलेल्या प्रत्येकाला मला हेच सांगायचं असतं: मेमरीमुळे मशीन कोसळलं, एवढ्यावर थांबू नका. लिनक्समध्ये मेमरीची मर्यादा एक नसते. अख्ख्या मशीनची एक, प्रत्येक कंटेनरची (स्वतंत्र कप्प्यात चालणाऱ्या प्रोग्रॅमची) वेगळी, कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) स्वतःच्या साठ्याची तिसरी, आगाऊ वचनांची चौथी. बाहेरून सगळ्यांचं लक्षण एकच दिसतं, आणि उपाय मात्र प्रत्येकीचा वेगळा. कोणती तुटली हे कळल्याशिवाय कशालाही हात लावू नका.

कामाला लागण्याआधी एक सूचना. या लेखात कमांड आणि सेटिंगची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायची. सिस्टिमडीच्या (सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेच्या) सेटिंगमध्ये मोठी-छोटी इंग्रजी अक्षरं तिच्या मॅन्युअलमध्ये असतील तशीच ठेवायची, बाकी जवळपास सगळं छोट्या अक्षरांत.

मेमरी संपते तेव्हा आत काय होतं

एखादी प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, कर्नलकडे मेमरी मागते तेव्हा कर्नल बहुतेक वेळा लगेच "दिली" म्हणतो, पण प्रत्यक्षात काहीच देत नाही. त्या जागेत पहिल्यांदा काही लिहिलं जातं तेव्हा कुठे रॅममधलं पान (मेमरीचा ४ केबीचा तुकडा) खर्ची पडतं. लग्नाच्या पत्रिका पाचशे वाटायच्या आणि जेवणाची पानं साडेतीनशे धरायची, तसा हा हिशोब. सगळे एकाच वेळी येत नाहीत, म्हणून तो एरवी जमून जातो. यालाच ओव्हरकमिट म्हणतात. ज्या दिवशी पाचशेच्या पाचशे पंगतीला बसतात, त्या दिवशी कर्नलला कुणाला तरी उठवावं लागतं. ते काम ओओएम किलर करतो. 'आउट ऑफ मेमरी' या तीन शब्दांची ती आद्याक्षरं. तो एक प्रोसेस निवडतो आणि सिग्नल ९ देऊन मारतो.

इथे नवीन मंडळींचा पहिला गोंधळ होतो. ओओएम किलर आला म्हणजे कर्नल कोसळला असं नाही. उलट, कर्नल वाचावा म्हणूनच तो येतो. मेमरीच्या टंचाईत कर्नल खरोखर पडतो तो साधारण चार प्रसंगांत.

पहिला, कुणीतरी मुद्दाम तसं सांगून ठेवलेलं असतं. व्हीएम.पॅनिक_ऑन_ओओएम हे सेटिंग एरवी ० असतं. ते १ केलं, तर मशीनभर मेमरी संपताच कर्नल कुणाला न मारता स्वतः पॅनिक होतो, म्हणजे सगळं काम थांबवतो. २ केलं, तर एखाद्या कंटेनरची छोटीशी मर्यादा संपली तरी अख्खं मशीन जातं. दुसरा प्रसंग, मारण्यासारखं कुणी उरतच नाही. तेव्हा पडद्यावर 'सिस्टिम इज डेडलॉक्ड ऑन मेमरी' असं येतं. तिसरा, एखादा ड्रायव्हर मेमरी मागतो, त्याला नकार मिळतो, आणि त्याच्या कोडमध्ये नकार तपासलेलाच नसतो. मग तो शून्य पत्त्यावर वाचायला जातो आणि कर्नलच कोलमडतो. हा दोष ड्रायव्हरचा, टंचाईने तो फक्त उघडा पाडलेला असतो. चौथा प्रसंग सगळ्यात फसवा. कर्नल पडलेला नसतोच. पानं रॅममध्ये आत-बाहेर करण्यात मशीन इतकं अडकतं की कशालाच उत्तर देत नाही, आणि वॉचडॉग (मशीन जिवंत आहे का ते पाहणारा पहारेकरी) त्याला मेलेलं समजून रीसेट करतो.

पहिली पायरी: पुरावा टिकवा

माझ्याकडे त्या सोमवारी लॉग का नव्हता? दोन कारणं होती. एक तर जर्नल, म्हणजे सिस्टिमडीची लॉगवही, डिस्कवर लिहिलंच जात नव्हतं. ती वही लिहिणाऱ्या जर्नलडीचं स्टोरेज ऑटो असेल आणि /व्हार/लॉग/जर्नल ही डिरेक्टरी नसेल, तर सगळा लॉग /रन मध्ये जातो, आणि /रन म्हणजे रॅम. रीस्टार्टबरोबर सगळं साफ. /ईटीसी/सिस्टिमडी/जर्नलडी.कॉन्फ मध्ये स्टोरेज=पर्सिस्टंट करा, सिस्टिमडी-जर्नलडी रीस्टार्ट करा, आणि जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स चालवून पाहा. पुढच्या बूटनंतर यादीत एकाहून अधिक ओळी दिसल्या की झालं. यानंतर मागच्या बूटमधले कर्नलचे संदेश जर्नलसीटीएल -के -बी -१ ने मिळतात.

दुसरं कारण असं, की पॅनिक झालेला कर्नल डिस्कवर लिहीत बसत नाही. 'नॉट सिंकिंग' हे शब्द पॅनिकच्या संदेशात असतात ते यासाठीच. त्यामुळे पर्सिस्टंट जर्नल असूनही शेवटच्या, म्हणजे नेमक्या हव्या त्या ओळी गायब असू शकतात. त्या मिळवायचे मार्ग आहेत. /सिस/एफएस/पीस्टोर मध्ये काही पडलंय का बघा, काही मशीन पॅनिकचा मजकूर तिथे जपून ठेवतात. शेजारी दुसरं मशीन असेल तर नेटकन्सोल लावा, कर्नलचे संदेश नेटवर्कवरून तिकडे जात राहतील. केडम्प लावलं तर पॅनिकनंतर एक छोटा दुसरा कर्नल उठतो आणि पहिल्याच्या मेमरीची प्रत काढून ठेवतो. त्यासाठी बूटच्या ओळीत क्रॅशकर्नल= देऊन काही मेमरी आधीच बाजूला काढावी लागते. ती फार कमी धरली तर तो दुसरा कर्नलच मेमरीअभावी मरतो आणि हाती काहीच येत नाही. लहान मशीनवर केडम्प मी सहसा लावत नाही.

मी केलं ते याहून साधं होतं. मशीन पॅनिक झाल्यावर स्वतःहून उठत होतं, याचा अर्थ कर्नल.पॅनिक या सेटिंगमध्ये काही सेकंद दिलेले असणार. पाहिलं तर १० होते. ते मी ० केलं, म्हणजे 'पॅनिक झालास तर तसाच थांबून राहा'. होस्टिंगच्या पॅनेलमधला कन्सोल ब्राउझरमध्ये उघडा ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापासून समोर बसलो. हा उपाय करताना तुम्हीही समोर बसलेले हवेत, कारण मशीन आता आपोआप उठणार नाही.

अकरा वाजून वीस मिनिटांनी पडदा थिजला. तळाशी ओळ होती:

कर्नल पॅनिक - नॉट सिंकिंग: आउट ऑफ मेमरी: सिस्टिम-वाइड पॅनिक_ऑन_ओओएम इज इनेबल्ड

मी मोबाईलने फोटो काढला आणि मशीन चालू केलं. /ईटीसी/सिसीटीएल.डी मधल्या एका फाइलमध्ये आधीच्या व्यवस्थापकाने पॅनिक_ऑन_ओओएम १ आणि पॅनिक १० असं लिहून ठेवलं होतं. एकापेक्षा जास्त सर्व्हरच्या जोडणीत यामागे विचार असतो: अर्धमेलं मशीन चालू राहण्यापेक्षा ते पडावं आणि जोडीदाराने काम उचलावं. इथे जोडीदारच नव्हता. हे का लिहिलं, याची एक ओळही फाइलमध्ये नव्हती.

पण थांबा. इथे फक्त 'कर्नल का पडला' याचं उत्तर मिळालं. 'मेमरी का संपली' हा प्रश्न तसाच आहे. कन्सोलवर शेवटच्या थोड्याच ओळी मावतात, वरचा सगळा अहवाल सरकून गेला होता. म्हणून मी सिसीटीएल -डब्ल्यू व्हीएम.पॅनिक_ऑन_ओओएम=० चालवलं, फाइलमध्येही तसंच केलं, आणि कर्नल.पॅनिक परत १० वर नेलं. आता पुढच्या वेळी कर्नल जिवंत राहणार होता आणि पूर्ण अहवाल जर्नलमध्ये उतरणार होता.

दुसरी पायरी: अहवाल नीट वाचा

या पायरीला घाई करू नका. ओओएमचा अहवाल पहिल्यांदा पाहिला की आकड्यांचा ढीग वाटतो. त्यात कामाच्या जागा तीन.

सुरुवातीची ओळ साधारण अशी: 'पीएचपी-एफपीएम इनव्होक्ड ओओएम-किलर', पुढे जीएफपी_मास्क, आणि ऑर्डर=०. पीएचपी-एफपीएम म्हणजे संकेतस्थळाचा पीएचपी कोड चालवणाऱ्या प्रोसेस. ओळीत नाव आलं म्हणून पीएचपी दोषी ठरत नाही. भांडं रिकामं झालं त्या क्षणी हात पुढे करणारा तो होता, एवढाच त्याचा अर्थ. ऑर्डर=० म्हणजे एकच पान मागितलं होतं, म्हणजे ४ केबी. ४ केबीसुद्धा मिळाले नाहीत, तेव्हा टंचाई खरी आहे.

शेवटची ओळ माझ्याकडे अशी होती:

आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस २१४३ (मायएसक्यूएलडी) टोटल-व्हीएम:१८९३४१२केबी, अनॉन-आरएसएस:४१२८८०केबी

नवीन माणूस हे वाचून मायएसक्यूएलच्या मागे लागतो. बफर कमी कर, क्वेरी तपास, आवृत्ती बदल. टोटल-व्हीएमचा १८ लाखांचा आकडा पाहून तर खात्रीच पटते. तो आकडा सोडून द्या. ती वाटलेल्या पत्रिकांची संख्या आहे. पंगतीत प्रत्यक्ष बसलेले म्हणजे आरएसएस, आणि ते ४,१२,८८० केबी, म्हणजे सुमारे ४०३ एमबी. २ जीबीच्या मशीनवर डेटाबेसने ४०० एमबी घेणं यात वावगं काही नाही. किलर एकेका प्रोसेसचा वापर स्वतंत्र मोजतो आणि त्यात जो एकटा सगळ्यात मोठा दिसतो त्याला धरतो. गर्दी करणारे पुष्कळ छोटे असतील तर ते सुटतात.

म्हणून तिसरी जागा महत्त्वाची: मधला तक्ता. त्या क्षणी चालू असलेली प्रत्येक प्रोसेस तिथे एका ओळीत असते. त्यात एक सापळा आहे, आणि मीही सुरुवातीला त्यात पडलो होतो. तक्त्यातले टोटल_व्हीएम आणि आरएसएस हे आकडे केबीत नसतात, पानांत असतात. प्रत्येक आकड्याला ४ ने गुणायचं, मग केबी मिळतात. मायएसक्यूएलडीसमोर १०३२२० होतं. गुणिले ४, म्हणजे ४१२८८०. खालच्या ओळीशी जुळलं. त्याच तक्त्यात पीजीटेबल्स_बाइट्स हा रकाना मात्र बाइटमध्ये. एकाच तक्त्यात दोन एककं.

आता माझ्या तक्त्यात पीएचपी-एफपीएमच्या ओळी मोजल्या. २८. प्रत्येकीसमोर आरएसएस ११००० च्या आसपास, म्हणजे ४४,००० केबी, सुमारे ४३ एमबी. २८ गुणिले ४३ म्हणजे १२०४ एमबी. काही पानं या प्रोसेस आपसांत वाटून घेतात, त्यामुळे खरी बेरीज थोडी कमी, पण दिशा स्पष्ट झाली. मारला गेला मायएसक्यूएल, मेमरी खाल्ली पीएचपीने.

एफपीएमच्या कॉन्फिगमध्ये पीएम.मॅक्स_चिल्ड्रन, म्हणजे एकाच वेळी चालू शकणाऱ्या पीएचपी प्रोसेसची कमाल संख्या, ५० होतं. ५० गुणिले ४३ म्हणजे २१५० एमबी. मशीनमध्ये एवढी मेमरीच नाही! पन्नास पालकांनी एकाच वेळी अर्ज उघडले की मशीन पडणार, हे त्या एका ओळीत लिहून ठेवलेलं होतं. वर्षभर पन्नास कधी आलेच नव्हते, म्हणून कुणाला दिसलं नाही.

बेरीज जुळत नसेल तर

माझं प्रकरण सरळ होतं. तुमच्या तक्त्यातल्या सगळ्या आरएसएसची बेरीज ६०० एमबी आणि मशीन ४ जीबीचं, असं निघालं तर? उरलेली मेमरी कुणाकडे आहे ते शोधायला लागेल, कारण ती प्रोसेसच्या यादीत दिसत नाही.

सगळ्यात आधी पाहायचं ते टेम्पएफएस. /डेव्ह/एसएचएम किंवा टेम्पएफएस म्हणून जोडलेलं /टीएमपी, यांत पडलेल्या फाइली रॅममध्ये असतात. अशा प्रत्येक जोडणीची मर्यादा सांगितली नसेल तर रॅमच्या निम्मी असते. दोन जोडण्या भरल्या की रॅम संपली. वर, किलर कितीही प्रोसेस मारो, फाइली तिथेच राहतात. प्रोसेसमागून प्रोसेस मरत जातात, मेमरी सुटत नाही, आणि शेवटी डेडलॉकचा संदेश येतो. डीएफ -एच मध्ये टेम्पएफएसच्या ओळी बघा, आणि /प्रॉक/मेमइन्फो मध्ये एसएचमेम.

मग ह्यूजपेजेस, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या आकाराची पानं. डेटाबेससाठी कुणीतरी व्हीएम.एनआर_ह्यूजपेजेस वाढवून ठेवलेलं असतं. साधारण इंटेल-एएमडी मशीनवर एक ह्यूजपेज २ एमबीचं. ६०० लिहिलं की १२०० एमबी कायमचे बाजूला. कुणी वापरो न वापरो, इतरांना ते मिळत नाहीत आणि स्वॅपमध्येही (रॅममधली पानं डिस्कवर ठेवायच्या जागेत) जात नाहीत. हा आकडा एमबीत असतो असं समजून १२०० लिहिणारे मी पाहिलेत. असं मशीन बूट होतानाच गळाठतं.

हेही नसेल, तर कर्नलचा स्वतःचा साठा. मेमइन्फोमध्ये एसअनरिक्लेम ही ओळ असते, म्हणजे कर्नलने स्वतःच्या कामासाठी घेतलेली आणि मागूनही परत न मिळणारी मेमरी. तिचा आकडा तासातासाला टिपून ठेवा. रोज वाढत जात असेल आणि रात्री गर्दी नसतानाही उतरत नसेल, तर कर्नलमध्ये किंवा एखाद्या मॉड्युलमध्ये गळती आहे. स्लॅबटॉप -एस सी चालवलं की कोणत्या नावाचा साठा सगळ्यात मोठा ते वर दिसतं. डेंट्री किंवा आयनोडची नावं वर असली तर घाबरू नका, ती फाइलींच्या नावांची आठवण असते आणि बहुतेक वेळा सोडता येते. केमॅलॉकने सुरू होणारं एखादं नाव सतत फुगत असेल तर मात्र संशय घ्या, आणि बाहेरून बसवलेले ड्रायव्हर व अँटिव्हायरसचे मॉड्युल एकेक करून काढून पाहा. ही शोधमोहीम सावकाश चालते, आठवडा लागू शकतो.

कंटेनर वापरत असाल तर शब्दांकडे लक्ष द्या. लॉगची ओळ 'आउट ऑफ मेमरी' ऐवजी 'मेमरी सीग्रुप आउट ऑफ मेमरी' अशी सुरू झाली, तर मशीनची मेमरी संपलेली नाही, त्या कंटेनरला आखून दिलेली संपली. मशीनची रॅम दुप्पट केली तरी हा कंटेनर त्याच जागी मरेल. डॉकरमध्ये अशा वेळी एक्झिट कोड १३७ मिळतो: १२८ अधिक सिग्नल ९.

आणि मेमरी भरपूर मोकळी दिसत असताना 'कॅनॉट अ‍ॅलोकेट मेमरी' येत असेल, लॉगिनसुद्धा होत नसेल, तर व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी तपासा. ते २ असेल तर कर्नल पत्रिकाच मोजून वाटतो. मर्यादा म्हणजे स्वॅप अधिक रॅमचे ५० टक्के, कारण ओव्हरकमिट_रेशो मुळात ५० असतो. स्वॅप नसलेल्या मशीनवर याचा अर्थ निम्म्या रॅमच्या वचनांवर कुलूप. मेमइन्फोमधल्या कमिटलिमिट आणि कमिटेड_एएस या दोन ओळी शेजारी ठेवून पाहा, लगेच कळेल.

'पेज अ‍ॅलोकेशन फेल्युअर: ऑर्डर:४' ही ओळ या सगळ्यांहून वेगळी. ऑर्डर ४ म्हणजे सलग सोळा पानं, ६४ केबी. मेमरी आहे, पण तुकड्या-तुकड्यांत. /प्रॉक/बडीइन्फो मध्ये डावीकडे मोठे आकडे आणि उजवीकडे शून्यं दिसली की हाच प्रकार. ऑर्डर ३ च्या वरच्या मागणीसाठी ओओएम किलर येतही नाही. बहुधा ती फक्त सूचना असते आणि ड्रायव्हर लहान तुकड्यांवर भागवतो.

तिसरी पायरी: दुरुस्ती

माझ्या मशीनचा हिशोब कागदावर असा मांडला. प्रत्यक्ष हाताशी १९५० एमबी. मायएसक्यूएलला ४००, बाकी सिस्टिमला २५०, मोकळे राखलेले ३००. उरले १०००. भागिले ४३, म्हणजे २३. मॅक्स_चिल्ड्रन २० केलं. एकविसावा पालक क्षणभर रांगेत थांबेल, पण एकविसाव्यामुळे पहिल्या विसांचे अर्ज उडणार नाहीत. मला हा सौदा योग्य वाटतो.

त्यानंतर मर्यादा जिथे असायला हवी तिथे नेली. मशीनभर टंचाई होऊन किलर भलत्याला धरतो, त्यापेक्षा पीएचपीने आपल्याच कुंपणात अडावं. सिस्टिमसीटीएल एडिट लिहून पुढे सर्व्हिसचं नाव द्या आणि [सर्व्हिस] खाली मेमरीहाय=९००एम, मेमरीमॅक्स=११००एम लिहा. हायपर्यंत पोहोचल्यावर कर्नल त्या सर्व्हिसला ब्रेक लावतो, मॅक्सला पोहोचल्यावर तिच्यातलीच एखादी प्रोसेस मारतो. तिसरी ओळ विसरू नका: ओओएमपॉलिसी=कंटिन्यू. ती नसेल तर एक वर्कर मेला की सिस्टिमडी अख्खी सर्व्हिस थांबवतो, कारण मूळ धोरण स्टॉप आहे. ही ओळ माझ्याकडून आधी राहिली होती, आणि चाचणीत साईट पुन्हा आडवी झाली तेव्हा कळली.

मायएसक्यूएलला ओओएमस्कोरअ‍ॅडजस्ट=-६०० दिलं. हा आकडा -१००० ते १००० असतो, जितका उणे तितकी प्रोसेस सुरक्षित. सगळ्यांनाच -१००० देऊ नका. मग मारण्यासारखं कुणी उरत नाही, आणि ते कुठे जाऊन थांबतं ते वर सांगितलंच आहे.

१ जीबीची स्वॅप फाइल जोडली. स्वॅपमुळे मेमरी वाढत नाही, पण निजलेली पानं तिकडे जातात आणि उतरण हळूहळू होते, कड्यावरून पडल्यासारखं होत नाही. फाइलची परवानगी ६०० ठेवा, मेकस्वॅप, स्वॅपऑन, आणि /ईटीसी/एफएसटॅब मध्ये ओळ, नाहीतर पुढच्या बूटला स्वॅप नाही.

दोन गोष्टी करू नका. दर तासाला ड्रॉप_कॅशेस मध्ये ३ लिहिणारी क्रॉनजॉब लावू नका. कॅशमधली मेमरी लागेल तेव्हा कर्नल स्वतः सोडतो, तुम्ही फक्त डिस्कचं काम वाढवता. फ्री -एम मध्ये 'फ्री' रकाना लहान दिसतो म्हणून लोक हे करतात. बघायचा रकाना 'अव्हेलेबल'. आणि व्हीएम.मिन_फ्री_केबाइट्स हौसेने बदलू नका. तो फार मोठा केला तर मशीन तत्क्षणी ओओएममध्ये जातं, फार लहान केला तर ताणात कर्नलच अडकून पडतो.

जुन्या मशीनवर

कर्नलच्या मेमरीची मर्यादा म्हणजे काय, हे सगळ्यात स्वच्छ पाहायचं तर ३२-बिट यंत्रणांकडे बघावं. तिथे रॅम कितीही लावा, ३२-बिट इंटेल लिनक्सचा कर्नल एरवी थेट हात घालू शकतो तो पहिल्या ८९६ एमबीत. ८ जीबी रॅमपैकी ५ मोकळे असतानाही ओओएम येतो, कारण संपलेलं असतं ते हे खालचं दालन. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर 'केमेम_मॅप टू स्मॉल' असा पॅनिक झेडएफएस ही फाइलसिस्टिम वापरणाऱ्यांना याच कारणाने भेटायचा. ३२-बिटवर कर्नलच्या वाट्याचा नकाशा साधारण ३२० एमबीला थांबायचा, आणि झेडएफएसची कॅश तो भरून टाकायची. तिथे /बूट/लोडर.कॉन्फ मध्ये व्हीएम.केमेम_साइझ वाढवणं आणि व्हीएफएस.झेडएफएस.आर्क_मॅक्स आवळणं हा उपाय होता. आज असं मशीन हाती आलं तर ६४-बिटवर जा, दुसरं काही करत बसू नका.

चौथी पायरी: गर्दी येण्याआधी तालीम

दुरुस्ती झाली की ती खरंच चालते का, हे आपणच पाहायचं. 'मेमरी खाणारा प्रोग्रॅम चालवून बघ' असा सल्ला धोक्याचा आहे, पण कुंपणात बसवून चालवला तर सुरक्षित. आधी व्हीएम.पॅनिक_ऑन_ओओएम २ नाही याची खात्री करा. चाचणीच्या मशीनवर, रूट म्हणून, एका ओळीत:

सिस्टिमडी-रन --स्कोप -पी मेमरीमॅक्स=२००एम -पी मेमरीस्वॅपमॅक्स=० टेल /डेव्ह/झिरो

टेल शेवटच्या ओळी शोधत असतो, आणि /डेव्ह/झिरो मध्ये ओळ कधी संपतच नाही. म्हणून तो साठवत जातो, २०० एमबीला धडकतो आणि पडद्यावर 'किल्ड' येतं. लगेच डीमेसेज उघडा. डी, एम, ई, एस, जी. तळाला 'मेमरी सीग्रुप आउट ऑफ मेमरी' दिसेल, वर तक्ता, तक्त्यात टेलची ओळ. तिच्या आरएसएसला ४ ने गुणा आणि २०० एमबीच्या जवळ येतं का ते पाहा. अहवाल वाचायचा सराव शांत दुपारी असा करून ठेवा, साईट पडलेली असताना पहिल्यांदा वाचायला बसू नका.

पुढे रोजच्या देखरेखीला मी /प्रॉक/प्रेशर/मेमरी वापरतो. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या ४.२० कर्नलपासून ही फाइल आहे. तिच्यात 'सम' आणि 'फुल' अशा दोन ओळी असतात. 'फुल'चा एव्हीजी१० म्हणजे गेल्या दहा सेकंदांत किती टक्के वेळ सगळीच कामं मेमरीची वाट पाहत अडकली होती. एरवी तो ० असतो. वाढू लागला की मशीन पडण्याआधीच मला संदेश येतो. मोकळ्या मेमरीच्या आकड्यावर लावलेला इशारा खोटा वाजत राहतो, हा फार क्वचित.

त्या वर्षीची शेवटची प्रवेशफेरी ऑगस्टमध्ये झाली. सकाळी अकराला मी पुन्हा कन्सोलसमोर बसलो. एफपीएमच्या लॉगमध्ये मॅक्स_चिल्ड्रन गाठल्याची सूचना दोनदा आली, प्रेशर ३ पर्यंत जाऊन खाली उतरलं, अपटाइम पुढे चालत राहिला. दुपारी सिसीटीएलची ती जुनी फाइल उघडली आणि पॅनिक_ऑन_ओओएम=० च्या वर हॅशचं चिन्ह देऊन लिहिलं: तारीख, आधी इथे १ होतं, एकट्या मशीनवर नको म्हणून ० केलं, दुसरा सर्व्हर जोडलात तर पुन्हा विचार करा.